एका वर्षाचं वाक्य

वही परत मिळाली की ती सवयीने आधी लाल रंग किती सांडलाय ते बघायची. रोज पाच ओळी लिहायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी वही द्यायची, पुढच्या वर्गाला लाल झालेली परत घ्यायची, असा सात महिन्यांचा परिपाठ होता. लिहायचं काय, तर आज काय केलं. आज मी सकाळी उठले. आज मी भात केला. आज ऊन होतं. जिच्या हाताखालून लिफ्टच्या दरवाजांचे हजारभर नकाशे गेलेत अशा चाळिशी उलटलेल्या बाईने असली वाक्यं लिहायची आणि वर त्यात चार चुका काढून घ्यायच्या. पहिल्या महिन्यात याची लाज वाटायची, मग लाजेचाही कंटाळा आला. या शुक्रवारी मात्र पानाच्या शेवटच्या ओळीशेजारी एक लाल गोल होता. कोरियन शिकवणाऱ्या बाई बरोबर उत्तराला गोल काढतात, आणि असा गोल तिला आजवर एकदाही मिळाला नव्हता. एक चूक नाही, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. ओळ अशी होती: मला घरी जायचं नाही.

असं लिहायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. म्हणायचं होतं ते हे, की आज काम जरा जास्त आहे तेव्हा घरी जायला थोडा उशीर होईल. पण जवळ शब्द चारशे, फार तर साडेचारशे. 'जरा'ला काय म्हणतात ते माहीत नव्हतं आणि 'उशीर' ऐनवेळी विसरला होता. होते ते शब्द कसेबसे बसवले आणि वही मिटली. आता ती ओळ लाल गोलासकट तिच्याकडे बघत होती आणि तिला खोटं म्हणायची सोय उरली नव्हती. मराठीत किती सोयी होत्या. तसं काही नाही, बघू, होईल काहीतरी, चाललंय आपलं. या शब्दांच्या आडोशाने तिने एवढी वर्षं काढली होती आणि तिला कुणी कधी हटकलं नव्हतं. चारशे शब्दांत आडोसा होत नाही. हवं, नको, आहे, नाही, जायचं, यायचं. माणूस एवढ्यातच सापडतं.

"पूर्ण बरोबर," शिकवणाऱ्या बाई तिच्या बाकापाशी थांबून म्हणाल्या. त्या भागीदार कोरियन कंपनीच्या साहेबाच्या पत्नी होत्या. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि वर्गाशी त्या लहान मुलांशी बोलावं तसं तुकड्यातुकड्याने कोरियनच बोलत. ओळीत काय लिहिलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नसावं, किंवा असेलही, चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. "कोरियात जागा दोन. एक साचे करणाऱ्यांची. एक नकाशावाल्यांची, तुमची. एक वर्ष. तीन आठवड्यांनी शुक्रवारी, चार वाजता, मला सांगा. हो किंवा नाही." मागच्या बाकावरचा चष्मेवाला ड्राफ्ट्समन निवडीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होता. तो वह्या गोळा करायचं निमित्त करून तिथेच रेंगाळला होता. तिने मान हलवली. ती हो होती की नाही हे त्याला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही.

जायचं होतं तिला. एवढी स्पष्ट गोष्ट तिला आयुष्यात फार वेळा वाटली नव्हती. कंपनीचे नकाशे तिकडून यायचे, कडेच्या टिपा कोरियनमध्ये, आणि त्यांचं भाषांतर येईपर्यंत सगळ्यांनी हात बांधून बसायचं. म्हणून साहेबांनी वर्ग सुरू केला, नावं मागितली, आणि तिने नाव दिलं ते केवळ मंगळवारी-शुक्रवारी दीड तास उशिरा घरी जाता येईल म्हणून. नंतर मात्र ती त्यात गुंतली. ती अक्षरं तिला लिपी वाटलीच नाहीत, ते नकाशे होते. एकेक अक्षर म्हणजे एकेक खोली. वर डावीकडे हे, उजवीकडे ते, खाली आधाराला तिसरं, आणि सगळं एका अदृश्य चौकटीत नीट बसलेलं. त्यात एक गोल होता. सुरुवातीला आला तर त्याला स्वतःचा आवाज नाही, नुसता जागा धरून बसतो, त्याच्याशिवाय मात्र खोली उभी राहत नाही. त्या गोलाबद्दल तिला उगाचच आपुलकी वाटली होती. शिकायच्या तऱ्हाही तिने हळूहळू गोळा केल्या. घरातल्या वस्तूंवर गुलाबी चिठ्ठ्या डकवल्या. जिने चढताना पायऱ्या कोरियनमध्ये मोजल्या. कानात ध्वनिमुद्रण लावून त्या आवाजाच्या अर्धा श्वास मागून तेच बोलत रस्त्याने चाललं, की लोक वळून बघायचे. बघू देत. त्या अनोळखी बाईच्या आवाजामागे चालताना काही मिनिटं आपण कुणाच्या कोण आहोत हे विसरायला व्हायचं. तिकडे एक वर्ष म्हणजे रोज असं चालायचं, सकाळी उठून एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत नकाशे काढायचे आणि संध्याकाळी आपल्या पावलांनी परत यायचं, मध्ये कुणी नाही. एवढंच तिला हवं होतं. मागायला बसलं तर केवढं वाटतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. जन्मभर लिफ्टचे दरवाजे काढायचे आणि जिने चढायचे, हा नवऱ्याचा जुना विनोद. दारावर दोन चिठ्ठ्या होत्या, निळ्या शाईची पांढरी आणि तिची गुलाबी. आतही तेच. फ्रिजवर दोन, खुर्चीवर दोन, आरशावर दोन. पांढऱ्या चिठ्ठ्या सासूबाईंच्या. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. कळत होतं सगळं, निदान तसं वाटायचं, पण तोंडून 'ता' याखेरीज काही निघत नव्हतं. पाण्याला ता, मुलाला ता, रागालाही ता. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, "ताई, तुमच्या घरात काम कमी आणि वाचायचंच जास्त." एका घरात दोन बायका शब्द शिकत होत्या. एकीला नवे हवे होते आणि एकीला आपलेच परत.

आणि या सासूबाई कोण, तर एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या. आवाजाच्या जिवावर त्यांनी संसार केला, मुलांना वाढवलं, आणि नव्या सुनेला पहिल्या वर्षी चांगलं सोलून काढलं. "पूर्ण बोलत जा गं. अर्ध्यावर कनेक्शन तुटल्यासारखं काय ते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती खरंच अर्धं बोलायची, उरलेलं गिळायची. वयात आल्यापासूनची सवय, लग्नाने ती पक्की झाली. मूल झालं नाही तेव्हा सासूबाई एकच वाक्य बोलल्या होत्या, "बरं, मग आता आपण दोघी," आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, दुसऱ्या कुणालाही काढू दिला नाही. त्या वाक्याचं तिला त्या वेळी केवढं बरं वाटलं होतं. आता वाटायचं, त्याच दिवशी आपण बांधलो गेलो. एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगताना त्या म्हणायच्या, परक्या भाषेतले कॉल जोडायला मजा यायची, शब्द कळत नाहीत म्हणून माणूस आणखी उघडं ऐकू येतं. ती हे हसून सोडून द्यायची. त्यांच्या गोष्टी फार होत्या आणि त्या सगळ्या दोनदा ऐकाव्या लागायच्या. आता तीच खोली संध्याकाळी इतकी गप्प असायची, की फ्रिजचा आवाज सुरू झाला तरी ती दचकायची.

स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं, बोलायची बाजू बिघडलीय, गुणगुणायची शाबूत आहे, तेव्हा तिकडून आत शिरायचं. त्यांच्या डाव्या हातावर ताल धरायचा, एक छोटं वाक्य चालीवर म्हणायचं, आधी तुम्ही, मग दोघींनी, मग त्यांनी एकट्यांनी. माणूस एकच हवं आणि वेळ एकच. मुलाने करून पाहिलं तर सासूबाई रडायला लागायच्या. मुलगा समोर बसला की त्यांना आपली वाचा गेल्याची लाज वाटत असावी. सुनेपुढे ती वाटत नव्हती. तेव्हा ते काम तिच्याकडे आलं. नवरा पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये, पहाटे सहाला निघायचा आणि दोनला परत. दोन ते सहा आईजवळ बसायचा, स्वयंपाकाला हात लावायचा, कधी आवाज चढवायचा नाही. सात ते आठ हा तास तिचा. "मला पाणी हवं." मनगटावर सहा टिचक्या. "मला पाणी हवं." "ता." रोज, कित्येक महिने.

चूक झाली ती या तासात. शिकवणाऱ्या बाईंचा हुकूम होता की नवीन वाक्य घरी चाळीसदा म्हणायचं, आणि चाळीसदा म्हणायला तिच्याजवळ दुसरा वेळ होता कुठे? एका संध्याकाळी "मला पाणी हवं" संपलं, हात सासूबाईंच्या मनगटावर तसाच राहिला, बोटं तशीच चालत राहिली आणि तोंडातून दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ निघाला. तो त्या तालावर छान बसला. सासूबाई ऐकत होत्या. त्यांना पाणी काय आणि परकं वाक्य काय, असं तिने स्वतःला सांगितलं. मग पाण्याचं वाक्य वीसदाऐवजी दहादा झालं, मग पाचदा, आणि पावसाळा सरता सरता तो अख्खा तास कोरियन होऊन गेला. शेजारच्या खोलीत नवऱ्याला चालीवरचं काहीतरी ऐकू यायचं आणि त्याचं समाधान व्हायचं. आजारी माणसाच्या वेळेची चोरी होती ती, दुसरा शब्द नाही. तिला ते ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज सातला हात धुऊन त्यांच्याजवळ जाऊन बसायची आणि तो तास तिला दिवसभरात सगळ्यात आवडायचा, हे त्याहून वाईट.

लाल गोल मिळाला त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा गृहपाठाबाहेरचं वाक्य म्हटलं. घरातून निघताना काय म्हणतात ते वर्गात झालं होतं, वर्षाचे आकडे झाले होते, दोन्ही जोडायचं फक्त. "इल्ल्यॉन्मान कात्ता ओल्केयो." एक वर्षासाठी जाऊन येते. पहिल्यांदा अगदी हळू, जणू भिंतीला कळेल. मग जरा मोठ्याने. मनगटावर टिचक्या, चालीला शेवटी एक हेलकावा. नवऱ्याला सांगता येत नव्हतं, मैत्रीण म्हणावी अशी कुणी उरली नव्हती, माहेरी सांगायचं तर आधी नवऱ्याला सांगितलं का हाच प्रश्न. आणि इथे ती ज्यांच्यामुळे जाता येत नाही त्यांनाच सांगत होती, रोज चाळीसदा, तोंडासमोर, त्यांचा हात हातात घेऊन. छातीवरचं ओझं थोडं हलायचं. सासूबाई तिच्या ओठांकडे बघत राहायच्या. कधी त्यांचा डावा अंगठा तिच्या बोटावर येऊन थांबायचा. तिला वाटायचं, तालासाठी.

नवव्या संध्याकाळी नवरा सूपचा वाडगा घेऊन दारात उभा होता. तिचं म्हणून झालं होतं, आता नेहमीप्रमाणे "ता" येणार आणि मग सूप. ता आलं नाही. "इल्ल्यॉन्मान कात्ता ओल्केयो," सासूबाई म्हणाल्या. जाड, ओल्या आवाजात, पण अख्खं. जिथे तिची जीभ सात महिने अडखळत आली होती ती जागासुद्धा त्यांनी सहज घेतली. नंतर त्या स्वतःच दचकल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. नवरा तिथल्या तिथे उंबऱ्यावर बसला. वाडगा जमिनीवर ठेवायचं त्याला सुचलं हेच विशेष, कारण पुढच्या क्षणी तो रडत होता, पुरुष रडतात तसा, आवाज न करता, खांदे हलवत.

"आई बोलली," तो म्हणाला. "ऐकलंस ना? काय म्हणाली?"

"कोरियन आहे ते," ती म्हणाली. आता तो चिडेल, चिडायलाच हवं, असं वाटून तिने मान खाली घातली. "माझा अभ्यास मी इथेच करत होते. मराठी बरेच दिवस बंद आहे."

"कोरियन?" तो रडता रडता हसायला लागला. "आईला कोरियन यायला लागलं? अगं, कमाल आहे. म्हणजे काय त्याचं?"

"एक वर्षासाठी जाऊन येते."

सांगून टाकलं होतं तिने. खरं, शब्दाला शब्द, मराठीत. नवऱ्याने डोळे पुसले, आईच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई कुठे निघाली आता? पुस्तकातलं वाक्य ना?" इथे तिला नाही म्हणता आलं असतं. नाही, माझं आहे. तीन शब्द, आणि तिन्ही तिला दोन्ही भाषांत येत होते. पण तो तिच्याकडे फार कृतज्ञतेने बघत होता. वाईट माणसाशी भांडता येतं, निघून जाता येतं, चार लोक आपली बाजू घेतात. चांगल्या माणसाचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "पुस्तकातलं."

त्यानंतर सगळं फार भराभर झालं आणि सगळं आनंदाचं झालं. परगावच्या नणंदेने फोनच्या पडद्यावर आईला पुन्हा पुन्हा ते वाक्य म्हणायला लावलं, प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी म्हणाली, "वहिनी, तू नसतीस तर आम्ही काय केलं असतं गं." लोकांना वाटतं हे कौतुक आहे. मावशी ते वाक्य भाजी चिरताना गुणगुणायला लागल्या. नवऱ्याने तर कहर केला. पहाटे लॅबला निघताना दारात उभा राहून तो आईला म्हणायचा, "इल्ल्यॉन्मान कात्ता ओल्केयो," आणि आई हसायची. तिचं अर्धंच हसणं, पण हसणं. इकडे सून आपल्या अंथरुणात डोळे मिटून हे ऐकायची. एक वर्षासाठी जाऊन येते, असं म्हणून तिचा नवरा रोज दुपारी दोनला घरी परत येत होता.

सोमवारी थेरपिस्ट आल्या. तिने त्यांना सगळं सांगितलं, मराठी सोडल्याचं, अभ्यास उरकल्याचं, काही लपवलं नाही. मनातून तिला वाटत होतं की या तरी रागावतील. म्हणतील, तुमच्याकडून हे काम होणार नाही, दुसरं कुणी बघा. थेरपिस्टने ऐकून घेतलं, सासूबाईंच्या हातावर टिचक्या देऊन पाहिल्या, स्वतः ते वाक्य म्हणून पाहिलं. सासूबाई गप्प. नवऱ्याने म्हणून पाहिलं. अर्धं आलं. मग ती बसली आणि तिने म्हटलं. पूर्ण आलं, दोनदा.

"बघितलंत?" थेरपिस्ट खुशीत म्हणाल्या. "भाषा कुठलीही असो, रस्ता सापडला ना. आता यात काही म्हणजे काही बदलू नका. हाच आवाज, हीच वेळ, हेच वाक्य. मराठी याच्या मागून येईल."

"किती दिवस?" तिने विचारलं.

"वर्ष तरी धरा." त्या पिशवी आवरत होत्या. "मध्ये खंड पडला तर मात्र आहे तेही जाईल, असं मी बघितलंय. तुम्ही कुठे जाणार वगैरे नाही ना?"

"छे, ती कुठे जातेय," नवरा म्हणाला. त्याने ते इतक्या सहज म्हटलं की त्यात दोष काढायला जागा नव्हती. तिने उठून चहाचं आधण ठेवलं. साखरेच्या डब्यावर दोन चिठ्ठ्या होत्या, तरी ती बराच वेळ साखर शोधत राहिली. स्वतःच्या हातांनी केलं होतं हे सगळं. जाण्यासाठी शिकलेल्या शब्दांनीच तिने स्वतःला इथे ठोकून ठेवलं होतं, आणि आता तिने रोज सातला बसून म्हणायचं, एक वर्षासाठी जाऊन येते, एक वर्षासाठी जाऊन येते, आणि ते म्हणता यावं म्हणून वर्षभर कुठे जायचं नाही. कुणाला सांगितलं तर हसू येईल. तिलासुद्धा एकदा आलं, ऑफिसात, नकाशावर वाकलेली असताना. शेजारची मुलगी म्हणाली, काय झालं, आम्हालाही सांगा. काही नाही, असंच, ती म्हणाली.

सांगायचे प्रयत्न तिने केले नाहीत असं नाही. एकदा दुपारच्या सुट्टीत नवऱ्याला फोन लावला. त्याने उचलला आणि आधी तोच म्हणाला, "अगं, लॅबमधल्या सगळ्यांना आईचा व्हिडिओ दाखवला." मग त्याला भाजी कुठली आणू ते विचारून तिने फोन ठेवला. एकदा जेवताना तिने सुरुवात केली, "माझं एक काम होतं," आणि त्याने घास थांबवून इतकं मन लावून ऐकायची तयारी केली, की तिने गॅसवाल्याचं काहीतरी सांगितलं. रविवारी तो तिच्यासाठी जाडजूड कोरियन शब्दकोश घेऊन आला, पहिल्या पानावर 'आमच्या घरच्या मास्तरीणबाईंना' असं लिहून. तिने तो उघडून बघितला. हजारो शब्द होते, त्यात 'जरा'ही असणार, 'उशीर' असणार, आडोशाचे सगळे शब्द ओळीने असणार. तिने तो कपाटावर ठेवला. वहीत पुन्हा पहिल्यासारखं यायला लागलं. आज मी सूप केलं. आज ऊन होतं. चुकाही पुन्हा पहिल्याइतक्या.

ठरलेल्या शुक्रवारी चारला ती वर्गाच्या खोलीत गेली. कारण तिने पाठ केलं होतं, सासूबाई आजारी आहेत, मी एकटीच त्यांना शिकवते, सगळे शब्द वर्गात झालेले. शिकवणाऱ्या बाईंनी समोर कागद ठेवला आणि भुवया उंचावल्या. "नाही," ती म्हणाली. त्यांनी विचारलं, का? ती पाठ केलेलं वाक्य शोधायला लागली, आणि शोधता शोधता तिला वाटलं की हे वाक्य आपण म्हटलं तर पुढे वर्षभर हेच खरं मानत बसू. "घरी काम आहे," ती म्हणाली. बाईंनी तिच्या नावावर एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता इतकी सरळ रेघ तिलाही मारता आली नसती. खाली चष्मेवाल्याचं नाव लिहिलं आणि कागद तिथेच बसलेल्या साहेबाच्या हातात गेला. चष्मेवाला जिन्यात भेटला. त्याला बिचाऱ्याला चेहरा कसा ठेवावा कळत नव्हतं. "ताई, खरंच?" तो म्हणाला. ती म्हणाली, "जा रे, गरम कपडे घे."

त्या संध्याकाळी सातला ती सासूबाईंसमोर बसली आणि ते वाक्य तोंडात यायलाच तयार होईना. थेरपिस्टने काही बदलू नका म्हटलं होतं. आज एक दिवस. तिने त्यांचा डावा हात मांडीवर घेतला, सहा टिचक्या दिल्या आणि म्हटलं, "मला पाणी हवं." सासूबाईंनी हात काढून घेतला. तिने पुन्हा हात धरला. "मला पाणी हवं." त्यांनी पुन्हा काढून घेतला, या वेळी जोराने, आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. एखाद्याचं म्हणणं मध्येच तुटलं की पूर्वी त्या जशा बघायच्या, तसं. मग तोच डावा हात पुढे आला, तिच्या मनगटावर बसला, आणि त्यांनी टिचक्या द्यायला सुरुवात केली. पाण्याच्या सहा नव्हत्या. त्या वाक्याच्या होत्या, शेवटच्या हेलकाव्यासकट.

"नको, आई," ती म्हणाली. टिचक्या चालूच राहिल्या. तेव्हा तिने म्हटलं. "इल्ल्यॉन्मान," आणि आवाज फुटला, "कात्ता ओल्केयो." आता त्यांनी म्हणायचं. त्या म्हणेनात. त्यांचे ओठ हलत होते, उजवी बाजू खाली ओढली जात होती, कपाळावर शीर उभी राहिली होती. हात थांबला. ताल गेला, चाल गेली. "जाऊन," सासूबाई म्हणाल्या. मग श्वास घेतला, डोळे मिटून कुठूनतरी खूप लांबून काहीतरी ओढून आणावं तसा चेहरा केला, आणि डोळे उघडून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "ये."

त्यांना सगळं कळलं होतं. कधीपासून ते विचारण्यात अर्थ नव्हता, बहुधा पहिल्याच संध्याकाळपासून. इतके दिवस त्या तिचं वाक्य नुसतं म्हणत नव्हत्या, त्याला उत्तर द्यायला धडपडत होत्या, आणि उत्तर सापडेना म्हणून तेच वाक्य तिला परत करत होत्या. तीन तास. फक्त तीन तासांपूर्वी हे दोन शब्द आले असते तर. तिला सासूबाईंचा राग आला, खराखुरा, आठ महिन्यांत आला नव्हता इतका, एका आजारी बाईला दोन शब्द जुळवायला इतका वेळ लागला म्हणून. मग राग गेला आणि तिला त्यांच्या मांडीवर डोकं टेकून रडावंसं वाटलं. तेही तिने केलं नाही. ती ताठ बसून राहिली.

"काय म्हणाली गं आई?" आतून नवऱ्याने विचारलं. पाण्याचा नळ बंद झाला. "मला काहीतरी वेगळंच ऐकू आल्यासारखं वाटलं."

"काही नाही," ती म्हणाली. "रोजचंच."

सासूबाईंनी तिच्या मनगटावरचा हात काढून घेतला.